मार्बलहेडचे दीपगृह : एरी सरोवराकाठी १८२२ पासून राखलेला दिवा

ओहायो राज्याच्या उत्तर सीमेवर, एरी सरोवर आणि सँडस्कीची खाडी यांच्यामध्ये जमिनीचा एक चिंचोळा पट्टा पाण्यात शिरलेला आहे. त्याच्या पूर्व टोकाला चुनखडीच्या रुंद लाद्या पायऱ्यांसारख्या सरोवरात उतरत जातात आणि त्या लाद्यांच्या वर मार्बलहेडचे पांढरे दीपगृह उभे आहे. गाव लहान आहे. चुनखडीच्या खाणी, मासेमारी आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे यांवर ते आजवर चालत आले आहे. उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांच्या किनाऱ्यांवर आज जी दीपगृहे कार्यरत आहेत, त्यांत इतका दीर्घकाळ सेवेत राहिलेले दुसरे नाही. गेल्या काही वर्षांत मी तिथे चार वेळा गेले आणि प्रत्येक वेळी या वास्तूबद्दलचा आदर वाढतच गेला, म्हणून हा धागा सविस्तर लिहीत आहे.

आपल्यापैकी अनेकांना पहिला प्रश्न हाच पडेल की तळ्याला दीपगृह कशासाठी हवे. एरी सरोवराची लांबी सुमारे ३८८ किलोमीटर आहे, म्हणजे या काठावरून पलीकडचा काठ दिसण्याचा प्रश्नच येत नाही. पाचही महासरोवरांत ते सर्वांत उथळ असून त्याची सरासरी खोली जेमतेम १९ मीटर भरते. पाणी उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा फार लवकर उसळतात आणि त्या आखूड, उभ्या आणि एकामागोमाग एक अशा येतात. पश्चिमेकडचा भाग तर आणखी उथळ आहे आणि त्यात बेटे व खडक विखुरलेले आहेत. शिडाच्या जहाजाला अशा पाण्यातून रात्रीच्या वेळी सँडस्कीच्या खाडीचे तोंड शोधायचे असेल, तर किनाऱ्यावरच्या एका खात्रीच्या दिव्यावाचून दुसरा आधार नव्हता.

अमेरिकेच्या काँग्रेसने १८१९ साली या खाडीच्या तोंडाशी दीपगृह बांधण्यासाठी ५,००० डॉलर मंजूर केले. विल्यम केली नावाच्या गवंड्याने जवळच निघणाऱ्या चुनखडीच्या दगडात १८२१ साली बांधकाम केले. मूळ मनोरा ५० फूट उंच होता. तळाशी त्याचा व्यास २५ फूट आणि भिंतीची जाडी ५ फूट होती. वर जाता जाता तो निमुळता होत १२ फुटांवर येई आणि तिथे भिंत २ फूट जाडीची उरे. आत शिरल्यावर ही जाडी खिडकीच्या कोनाड्यात उत्तम कळते. मी खालच्या खिडकीत हात घालून पाहिला, तर कोपरापर्यंतचा हात आत गेला तरी काच लांबच राहिली. बाहेर जुलैचे कडक ऊन होते आणि तो दगड मात्र रांजणाच्या अंगासारखा गार लागत होता.

पहिला राखणदार म्हणून बेनाजा वोलकॉट यांची नेमणूक झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला हा माणूस कनेक्टिकटहून १८०९ च्या सुमारास या निर्जन पट्ट्यावर येऊन वसलेल्या पहिल्या काही लोकांपैकी होता. ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धात त्याला कुटुंबासह येथून निघून जावे लागले आणि युद्ध संपल्यावर तो परत आला. दीपगृहात तेव्हा १३ दिवे होते आणि प्रत्येक दिव्यामागे १६ इंच व्यासाचा धातूचा परावर्तक बसवलेला असे. इंधन होते देवमाशाचे तेल. संध्याकाळ झाली की १३ वाती पेटवायच्या, रात्रभर त्या काजळू द्यायच्या नाहीत, पहाटे मालवायच्या, मग काचा आणि परावर्तक घासून लख्ख करायचे, आणि दुसऱ्या रात्रीसाठी तेल वर वाहून न्यायचे. याखेरीज येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची व हवामानाची नोंद ठेवणे आणि कोणी संकटात सापडले तर सुटकेची व्यवस्था करणे, हीही त्याचीच कामे होती. आपल्या घरातली सांजवात तिन्हीसांजेला एकदा लावून भागते. इथे मात्र तेरा ज्योती पहाटेपर्यंत सारख्याच उजेडाने जळत ठेवाव्या लागत.

१८३२ साली वोलकॉट पटकीने दगावले आणि त्यांची पत्नी रेचल यांनी दिव्याची जबाबदारी घेतली. महासरोवरांवरील त्या पहिल्या स्त्री राखणदार मानल्या जातात आणि १८३४ पर्यंत त्यांनी हे काम सांभाळले. त्यांच्याविषयी लिहिताना बहुतेक ठिकाणी हे एकच वाक्य येते आणि लेखन पुढच्या राखणदाराकडे वळते. मला ते अपुरे वाटते. पतीच्या निधनानंतर दिवा अखंड सुरू राहतो, याचा अर्थ रेचल यांना वात कापणे, तेल मोजणे, परावर्तकाचा कोन साधणे हे सगळे आधीपासून अवगत असले पाहिजे. नेमणुकीच्या कागदावर एकाचे नाव असले, तरी दीपगृह घरातली सगळी माणसे मिळून चालवीत असत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज मॅगी यांच्यानंतर जोहाना मॅगी यांनीही हेच केले आणि १९०३ पर्यंत दिवा राखला. या दीपगृहाच्या एकूण १५ राखणदारांत या दोघीच स्त्रिया म्हणून मोजल्या जातात. कागदावर न आलेल्या स्त्रियांचा त्यात हिशेब नाही.

दीपगृहाचे मार्बलहेड हे नावही पहिल्यापासूनचे नाही. १८७० पर्यंत ते सँडस्की खाडीचे दीपगृह म्हणूनच ओळखले जाई. मनोऱ्याची उंची वाढली, भिंगे बदलली, इंधन बदलले आणि दिव्याचा रंगदेखील बदलला. या बदलांविषयी ज्यांना अधिक माहिती आहे, त्यांनी प्रतिसादांत अवश्य भर घालावी.

प्रतिसाद १

ताई, लेख मनापासून आवडला. एक शंका मात्र नोंदवावीशी वाटते. 'इतका दीर्घकाळ सेवेत राहिलेले दुसरे नाही' असे म्हणताना जपावे लागते. टोरांटोच्या बेटावरील जिब्राल्टर पॉइंटचे दीपगृह १८०८ सालचे आहे आणि ते आजही उभे आहे. एरी सरोवराच्या अमेरिकन किनाऱ्यावरही बफेलो आणि पेनसिल्व्हेनियातील एरी येथे मार्बलहेडच्या आधी दिवे लागले होते. शिवाय ही सरोवरे हिवाळ्यात गोठतात. जुन्या काळी जहाजांची ये-जा थांबली की दिवेही वसंतापर्यंत बंद ठेवले जात. मग 'अखंड' हा शब्द नेमका कोणत्या अर्थाने घ्यायचा?

धागाकर्तीचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. जिब्राल्टर पॉइंटचा मनोरा वयाने मोठा असला, तरी त्याचा दिवा विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बंद झाला. बफेलो आणि एरी येथील पहिले मनोरे टिकले नाहीत. एरीला तर जमीन खचत गेल्यामुळे ते पुन्हा पुन्हा बांधावे लागले आणि आज जो मनोरा दिसतो तो १८६७ सालचा आहे. मार्बलहेडचा दावा एवढाच आहे की १८२२ पासून त्याच मनोऱ्यावर, प्रत्येक हंगामात, दिवा लागत आला आहे. हिवाळ्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, तेव्हा 'अखंड' ऐवजी 'हंगामामागून हंगाम' असे म्हणणे अधिक काटेकोर ठरेल.

एरी आणि मार्बलहेड या दोन दीपगृहांचे आणखी एक नाते सांगण्यासारखे आहे. एरीचे दीपगृह १८९९ मध्ये सेवेतून निवृत्त झाल्यावर त्याच्या माथ्यावरची काचेची दिवाखोली उतरवून मार्बलहेडला आणण्यात आली. त्याच सुमारास मार्बलहेडचा मनोरा १५ फुटांनी वाढवून ६५ फूट करण्यात आला होता. खाली उभे राहून नीट पाहिले, तर निमुळता होत गेलेला जुना दगडी मनोरा कुठे संपतो आणि नवी भर कुठे सुरू होते, हे बाह्यरेषेवरून ओळखता येते.

प्रतिसाद २

मी प्रकाशशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे भिंगांविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सुरुवातीच्या १३ दिव्यांच्या रचनेला आर्गंड पद्धतीची म्हणत. तिच्यात वात पोकळ नळीसारखी असते, तिच्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून हवा खेळते, आणि त्यामुळे ज्योत अधिक तेजस्वी होऊन धूर कमी होतो. अमेरिकेत मात्र विन्स्लो लुईस नावाच्या जहाजाच्या कप्तानाने या दिव्याची स्वतःची आवृत्ती सरकारला पुरवली आणि ती मूळ रचनेच्या तोडीची नव्हती. त्याच काळात, म्हणजे १८२३ साली, फ्रान्समधील कोर्दुआंच्या दीपगृहावर ऑगस्तँ फ्रेनेल यांचे भिंग बसवले गेले होते. एकाच ज्योतीभोवती काचेच्या लोलकांची कडी रचून, वर-खाली वाया जाणारा प्रकाश वळवून क्षितिजाच्या दिशेने पाठवायचा, ही त्यामागची कल्पना. धातूचा परावर्तक बराचसा प्रकाश गिळून टाकतो, शिवाय घासून घासून त्याचा मुलामा आणि आकार दोन्ही बिघडतात. काचेच्या लोलकाला तो त्रास नाही.

इतकी सरस रचना उपलब्ध असूनही अमेरिकेने ती स्वीकारायला सुमारे तीन दशके घेतली. दीपगृहांचा कारभार १८२० पासून स्टीफन प्लेझंटन या अर्थखात्यातील लेखापरीक्षकाकडे होता. त्यांना हिशेबाची शिस्त होती, पण जहाजविद्येचे किंवा प्रकाशशास्त्राचे ज्ञान नव्हते, आणि लुईस यांच्या स्वस्त दिव्यांवर त्यांचा विश्वास होता. जहाजवाल्यांच्या तक्रारी वाढत गेल्या, काँग्रेसने चौकशी करवली, आणि १८५२ साली दीपगृहांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. त्यानंतर देशभर फ्रेनेलची भिंगे बसू लागली. मार्बलहेडला चौथ्या श्रेणीचे, म्हणजे त्या भिंगांतल्या लहान आकाराचे, भिंग १८५८ मध्ये बसले, आणि १३ दिव्यांच्या जागी एकच दिवा पुरेसा झाला. माझ्या मते या दीपगृहाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे. राखणदाराच्या रोजच्या कामाचा विचार केला, तर तेरा वाती आणि तेरा आरसे यांच्या जागी एक वात आणि एक भिंग येणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

प्रतिसाद ३

लेखातल्या पटकीच्या उल्लेखापाशी मी थांबले, कारण त्या साथीचे मूळ आपल्या देशात आहे. बंगालच्या गंगामुखातून उठलेली ही महामारी रशिया आणि युरोप ओलांडून १८३२ च्या उन्हाळ्यात प्रथमच उत्तर अमेरिकेत पोहोचली. क्वेबेक आणि मॉन्ट्रियलला उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या जहाजांतून ती आत शिरली. त्याच उन्हाळ्यात, तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या ब्लॅक हॉक युद्धासाठी, जनरल विन्फील्ड स्कॉट यांचे सैनिक बफेलोहून आगबोटींनी शिकागोकडे निघाले होते. त्या बोटींवर पटकी भडकली आणि जिथे बोटी थांबल्या तिथे ती किनाऱ्यावर उतरली. ज्या जलमार्गावर उजेड पाडण्यासाठी वोलकॉट रोज मनोरा चढत होते, त्याच मार्गाने हा रोग या काठांपर्यंत आला. आपल्याकडे गावोगावी मरीआईची ठाणी आहेत, तिचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडण्याची प्रथा होती. ज्या रोगाच्या धास्तीने आपल्या पूर्वजांनी हे केले, त्याच रोगाने ओहायोतल्या एका दीपगृहाचा राखणदार गेला, हे वाचून रेचलबाई फार जवळच्या वाटू लागल्या.

प्रतिसाद ४

अलिबागकडच्या माणसाला खांदेरीची आठवण येणारच. तिथले दीपगृह १८६७ चे आहे, म्हणजे वर उल्लेख झालेल्या एरीच्या मनोऱ्याच्याच वर्षाचे. आमच्याकडे समुद्राला भरती-ओहोटी असते आणि मच्छीमारांना तिचे वेळापत्रक तोंडपाठ असते. सरोवराला तसे काही नसेल, तर तिथल्या नावाड्यांना धोका नेमका कसला होता, हे जाणून घ्यायला आवडेल. एखाद्या प्रत्यक्ष दुर्घटनेची माहिती असल्यास कृपया द्यावी.

धागाकर्तीचे उत्तर

चंद्राच्या ओढीने होणारी भरती तिथे नगण्य आहे, पण वाऱ्याने येणारी भरती असते आणि तिला वेळापत्रक नसते. नैर्ऋत्येकडून जोराचा वारा वाहू लागला की सरोवराचे पाणी पूर्वेकडे बफेलोच्या बाजूला ढकलले जाते आणि पश्चिमेकडची पातळी अचानक खाली जाते. वारा पडला की ते पाणी परत फिरते, आणि परातीतले पाणी हेलकावे खावे तसे सरोवर बराच वेळ हिंदकळत राहते. आधीच उथळ असलेल्या पाण्यात खडक केव्हा वर येतील, याचा भरवसा राहत नाही.

दुर्घटनेबद्दल विचारलेत म्हणून १ मे १८७५ चा प्रसंग सांगते. त्या दिवशी मार्बलहेडसमोर कॉन्सुएलो नावाचे दगड वाहून नेणारे शिडाचे जहाज वादळात उलटले. जहाजावरच्या सात जणांपैकी पाच बुडाले आणि दोघे डोलकाठीला धरून राहिले. किनाऱ्यावरून हे पाहणारे लुशियन, हबर्ड आणि आय क्लेमन्स हे तिघे भाऊ १२ फुटी सपाट तळाच्या लहानशा होडीत बसून निघाले. थंडी अजून सरलेली नव्हती आणि पाणी बर्फासारखे गार होते. सुमारे तासभर लाटांशी झुंजून त्यांनी त्या दोघांना गाठले आणि होडीत ओढून घेतले. भरलेल्या होडीला परत किनाऱ्याला लागणे जमेना, तेव्हा केलीज बेटाकडून आलेल्या वाफेच्या टगबोटीने सर्वांना उचलले.

जीवरक्षणासाठी राष्ट्रीय पदक देण्याचा कायदा अमेरिकेत २० जून १८७४ रोजी झाला होता, आणि त्यातले पहिले सुवर्णपदक १९ जून १८७६ रोजी या तिघा भावांना मिळाले. त्याच वर्षी दीपगृहापासून अर्ध्या मैलावर जीवरक्षक नौकांचे ठाणे उभे राहिले आणि लुशियन क्लेमन्स त्याचे पहिले प्रमुख झाले. १८२२ मध्ये दिवा आणि सुटका ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात होती. ती वेगळी होण्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे जावी लागली.

प्रतिसाद ५

मागच्या वर्षी मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. राखणदाराचे १८८० साली बांधलेले घर आता संग्रहालय आहे आणि १९०३ चे फिरते भिंग त्यात ठेवलेले आहे. ते जवळून पाहताना एक गोष्ट लक्षात आली. भिंग चमकदार आहे, लोलकांच्या कडांवर इंद्रधनुष्यी रेषा उमटतात, पण मनोऱ्यावर आता छोटेसे आधुनिक उपकरण आहे आणि त्याचा प्रकाश हिरवा आहे. इतके सुंदर भिंग खाली काचेच्या पलीकडे ठेवून वर असले उपकरण बसवणे मला पटले नाही. दिवा चालू असलेले दीपगृह आणि मूळ भिंग असलेले दीपगृह यांत इतिहासप्रेमींनी दुसऱ्याचा आग्रह धरायला हवा होता.

धागाकर्तीचे उत्तर

आपली हळहळ मी समजू शकते. तरीही या बाबतीत माझे मत वेगळे आहे.

१९०३ चे ते भिंग घड्याळासारख्या यंत्रणेने फिरत असे आणि दर १० सेकंदांनी झोत टाकत असे. त्याची वजने खाली उतरत जात आणि राखणदाराला दर तीन तासांनी हाताने दांडा फिरवून ती पुन्हा वर चढवावी लागत. म्हणजे भिंग नवे आले, वाती कमी झाल्या, पण झोप काही पुरी झाली नाही. १९२३ मध्ये वीज आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दीपगृह तटरक्षक दलाच्या हाती गेले आणि १९५८ मध्ये दिवा स्वयंचलित झाल्यावर तिथे माणसाने जागण्याची गरज उरली नाही. हिरवा रंगही शोभेसाठी निवडलेला नाही. विमानांसाठी लावलेल्या पांढऱ्या दिव्यांशी गल्लत होऊ नये म्हणून तो ठरवला गेला. आजचा दिवा दर सहा सेकंदांनी चमकतो आणि ११ सागरी मैलांपर्यंत दिसतो.

आपण सुचवता तसे मूळ भिंग वर ठेवले असते, तर ते पाहायला मिळाले असते, यात शंका नाही. पण रात्री मासेमारी करून परतणाऱ्या होडीला त्या भिंगाच्या वयाशी कर्तव्य नसते, आणि हे दीपगृह ज्या कामासाठी बांधले गेले ते काम ते आजही करते आहे. वोलकॉट यांचे १३ दिवे गेले, १८५८ चे भिंग गेले, १९०३ चे भिंग खाली आले. यांपैकी प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्याचाच आग्रह धरला असता, तर मनोऱ्यावरचा दिवा केव्हाच मालवला असता आणि उरली असती ती केवळ दगडी वास्तू. १९७२ पासून ओहायोच्या नैसर्गिक संसाधन विभागाने परिसराची देखभाल घेतली, १९९८ मध्ये मनोरा त्यांच्या मालकीचा झाला, आणि दिवा मात्र आजही तटरक्षक दलच सांभाळते. मला ही वाटणी योग्य वाटते.

प्रतिसाद ६

ओहायोतल्या गाड्यांच्या पाट्यांवर हे दीपगृह पाहिले होते, पण त्याची कथा आज कळली. टपाल तिकिटांचा संग्राहक म्हणून एक भर घालतो. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने महासरोवरांच्या दीपगृहांवर पाच तिकिटांचा संच काढला होता. प्रत्येक सरोवराचे एक दीपगृह निवडले होते आणि एरी सरोवरासाठी मार्बलहेडची निवड झाली होती. पुढच्या महिन्यात आईला घेऊन तिकडे जाण्याचा विचार आहे. तिच्या गुडघ्यांना झेपेल इतका जिना आहे का? आणि थोडक्या वेळात काय पाहावे?

धागाकर्तीचे उत्तर

जिना लोखंडी असून गोल फिरत वर जातो आणि एकूण ७७ पायऱ्या आहेत. पायऱ्या आतल्या बाजूला अरुंद होत जातात, तेव्हा मातोश्रींना गुडघेदुखी असेल तर वर जाण्याचा आग्रह करू नये. खालूनही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. संग्रहालयातले भिंग पाहून झाले की लाद्यांवर थोडे पुढे जावे, तिथून उत्तरेला केलीज बेट आणि खाडीच्या पलीकडे सीडर पॉइंटच्या उद्यानातले उंच पाळणे दिसतात. लाद्या ओल्या असतील तर शेवाळामुळे पाय सटकतो, एवढे लक्षात ठेवावे. वेळ असल्यास खाडीच्या बाजूला वोलकॉट यांच्यासाठी केलीनेच बांधलेले दगडी घर आहे, तेही पाहावे. मनोरा आणि घर यांचा दगड एकच आहे आणि बांधणारा हातही एकच.

शक्य झाले तर सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबावे. मी गेल्या खेपेस थांबले होते. घड्याळ हातात धरून मोजले, तर दर सहा सेकंदांनी हिरवा प्रकाश चमकत होता आणि दूर पाण्यात एका होडीचा लहानसा दिवा खाडीच्या तोंडाकडे सरकत येत होता.